मृगापासून सुरुवात : आकाश ओळखताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली बरीच वर्षं मी लोकांना आकाश दाखवतो आहे. कधी माळावर, कधी शाळेच्या गच्चीवर, कधी नुसतं सोसायटीच्या टाकीपाशी. माणसं बदलतात, प्रश्न मात्र बहुतेक तेच येतात, आणि ते चांगले असतात. म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. वाचताना दिसेल की बहुतेक उत्तरं फिरून मृग नक्षत्रापाशी येतात. मी ते मुद्दाम केलं आहे. मराठी घरात वाढलेल्या माणसाला मृग, रोहिणी, हस्त, स्वाती ही नावं लहानपणापासून कानावरून गेलेली असतात. शिवाय मृगाच्या आसपासच्या आकाशात ताऱ्याचा जन्म, जवानी, म्हातारपण आणि मरण हे सगळं एका जागी उभं राहून पाहता येतं.

मला एकही तारा ओळखता येत नाही. सुरुवात कुठून करू?

मृगापासूनच. जानेवारी-फेब्रुवारीत रात्रीची जेवणं आटोपली की बाहेर या आणि वर पाहा. चार ठळक ताऱ्यांचा एक लांबट चौकोन दिसेल आणि त्याच्या मधोमध एका ओळीत, सारख्या अंतरावर बसवलेले तीन तारे. असे तीन तारे अख्ख्या आकाशात दुसरीकडे नाहीत, त्यामुळे नवख्या माणसाचीही चूक होत नाही.

आता गोष्ट लावा. चौकोनाचे चार तारे हे हरणाचे चार पाय. चौकोनाच्या उत्तरेला तीन बारीक ताऱ्यांचा झुबका आहे, ते त्याचं डोकं, म्हणजे मृगशीर्ष. मधले तीन तारे म्हणजे पोटात घुसलेला बाण. बाण कुणी मारला? बाणाची रेषा आग्नेयेकडे वाढवा, ती एका लखलखीत पांढऱ्या ताऱ्यापाशी जाते. तो व्याध, रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा. तीच रेषा उलट दिशेला वाढवली की तांबूस रोहिणी लागते आणि आणखी पुढे कृत्तिकांचा पुंजका. हरणाचं रूप घेऊन रोहिणीमागे धावणारा प्रजापती आणि त्याला बाण मारणारा व्याध ही फार जुनी कथा आहे. आपल्यासाठी ती नकाशाचं काम करते. एक गोष्ट लक्षात ठेवली की पाच ठिकाणं सापडतात.

चौकोनाचे दोन कोपरे वेगळे लक्षात ठेवा, कारण पुढे त्यांचं काम पडणार आहे. एक तांबूस तारा आहे, ती काक्षी. काही जण तिलाच आर्द्रा म्हणतात. तिच्या तिरक्या समोरच्या कोपऱ्यात निळसर पांढरा राजन्य आहे.

पण मृग तर जूनमध्ये निघतो. मग तो हिवाळ्यात कसा दिसतो?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न. घाटमाथ्यावरच्या एका गावात डिसेंबरच्या थंडीत एका आजोबांनी तो विचारला होता, जरा रागानेच. त्यांनी साठ वर्षं मृगावर पेरणी केली होती आणि मी पौषात मृग दाखवत होतो.

सात-आठ जूनला 'मृग लागला' असं आपण म्हणतो तेव्हा सूर्य मृग नक्षत्रात शिरलेला असतो. म्हणजे आपल्याकडून पाहिलं तर सूर्य आणि मृगाचे तारे एकाच दिशेला असतात. ते तारे सूर्याबरोबर उगवतात, दिवसभर डोक्यावरून जातात आणि सूर्याबरोबरच मावळतात. उजेडात ते दिसणार कसे? सहा महिन्यांनी पृथ्वी सूर्याच्या पलीकडच्या बाजूला पोहोचते, तेव्हा मृग रात्रभर आपल्या समोर असतो.

पावसाची सगळी नक्षत्रं अशीच चालतात. वर्षभरात सूर्य सत्तावीस नक्षत्रं फिरतो, म्हणून एकेका नक्षत्राला तेरा-चौदा दिवस मिळतात. पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा पाऊस, हस्ताचा हत्ती. भोंडल्याला पाटावर ज्याचं चित्र काढून फेर धरतात तोच हा हत्ती. सप्टेंबरच्या शेवटी सूर्य हस्तात जातो, आणि हस्ताचे पंजासारखे दिसणारे पाच तारे रात्री पाहायचे तर मार्च-एप्रिल उजाडावा लागतो.

आजोबांना काठीने जमिनीवर वर्तुळ काढून हे दाखवलं. त्यांनी बराच वेळ वर पाहिलं आणि मग नातवाला हाक मारून स्वतःच बाण दाखवायला लागले.

मराठी महिन्यांची नावंही ताऱ्यांवरूनच आहेत का?

हो. इथे मात्र सूर्याऐवजी पौर्णिमेचा चंद्र धरायचा. पौर्णिमेला चंद्र ज्या नक्षत्रात किंवा त्याच्या जवळ असतो, त्यावरून महिना. चित्रेवरून चैत्र, कृत्तिकांवरून कार्तिक, मृगशीर्षावरून मार्गशीर्ष, मघेवरून माघ. कार्तिकी पौर्णिमेला चंद्राच्या शेजारी हाताने उजेड आडवून कृत्तिका शोधा. अवघड आहे, पण एकदा दिसल्या की पंचांग पुन्हा पहिल्यासारखं वाचवत नाही.

नक्षत्र, रास आणि तारकासमूह यांत फरक काय?

तारकासमूह म्हणजे आकाशाचा ठरवून आखलेला तुकडा. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने १९२२ मध्ये ८८ तारकासमूहांची यादी मान्य केली आणि १९३० मध्ये त्यांच्या हद्दी पक्क्या झाल्या. आता प्रत्येक तारा कुठल्या ना कुठल्या समूहाच्या हद्दीत येतो, गावच्या गट नंबरसारखा.

नक्षत्रं ही चंद्राच्या वाटेवरची मुक्कामाची ठिकाणं. चंद्राला ताऱ्यांमधून एक फेरी मारायला सव्वासत्तावीस दिवसांहून थोडं जास्त लागतं, म्हणून सत्तावीस नक्षत्रं, प्रत्येकी १३ अंश २० कला. तोच पट्टा बारा भागांत वाटला की राशी. काटेकोर बोलायचं तर मृग नक्षत्र म्हणजे फक्त ते तीन बारीक ताऱ्यांचं डोकं. बोलताना आपण अख्ख्या हरणालाच मृग म्हणतो आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही.

मूळ नक्षत्रावर जन्म झाला तर खरंच वाईट असतं का?

नाही. हा प्रश्न बहुतेक वेळा कार्यक्रम संपल्यावर, बाकीचे पांगल्यावर, एखादी आई हळू आवाजात विचारते, म्हणून मी त्याचं उत्तर स्पष्ट देतो. मूळ नक्षत्रावर जन्मलेली मुलगी सासऱ्याला वाईट, असा समज आहे. मूळ म्हणजे विंचवाची नांगी. वृश्चिकाच्या वळलेल्या शेपटीच्या टोकाला जवळजवळ चिकटलेले दोन तारे आहेत, जूनच्या आसपास ढग नसतील तर दक्षिणेला सुंदर दिसतात. त्यांतला ठळक तारा आपल्यापासून पाचशेहून जास्त प्रकाशवर्षं दूर आहे (प्रकाशवर्ष म्हणजे प्रकाश एका वर्षात कापतो तेवढं अंतर). मुलीच्या जन्मादिवशी त्याचा जो प्रकाश पोहोचला, तो शिवाजी महाराजांच्या जन्माच्याही आधी निघालेला होता. त्या प्रकाशाचा तिच्या सासऱ्याच्या आयुष्याशी काही संबंध नाही. या एका समजापायी मुलींची लग्नं मोडलेली मी पाहिली आहेत. त्या आईला मी नांगीचे ते दोन तारे दाखवतो, कारण नुसतं सांगण्यापेक्षा ते डोळ्यांनी पाहिलेलं जास्त पटतं.

तारा आणि ग्रह यांतला फरक कसा ओळखायचा?

तारा लुकलुकतो, ग्रह शांत प्रकाशतो. तारा इतका दूर आहे की तो टिंबच राहतो आणि हवेच्या हलण्याने त्याचा बारीक किरण थरथरतो. ग्रहाची छोटी का होईना तबकडी असते, म्हणून थरथर जाणवत नाही. क्षितिजाजवळ मात्र ग्रहही थोडे चाळवतात. दुसरी खूण अशी की ग्रह नेहमी राशींच्या पट्ट्यातच असणार. सप्तर्षींमध्ये किंवा ध्रुवाजवळ ग्रह कधीच सापडत नाही.

'दहा अंश वर पाहा' म्हणतात. अंश मोजायचे कसे?

हात ताठ पुढे धरा. करंगळीची रुंदी म्हणजे साधारण १ अंश, वळलेली मूठ १०, ताणलेली वीत २० ते २२ अंश. मुलांचा हात लहान असतो तसा आखूडही असतो, त्यामुळे हिशेब त्यांनाही जुळतो. याच हाताने ध्रुव शोधा. ध्रुवाची उंची तुमच्या गावाच्या अक्षांशाएवढी असते : मुंबईत १९ अंश, नागपुरात २१, पणजीत साडेपंधरा. म्हणजे उत्तरेला क्षितिजापासून दीड-दोन मुठी.

इथे दरवेळी कुणीतरी हिरमुसतं. गोष्टीतला ध्रुव अढळ आणि सर्वश्रेष्ठ, तेव्हा तो सगळ्यात तेजस्वी असणार अशी समजूत असते. तो मध्यम तेजाचा तारा आहे. त्याचं मोल तेजात नाही, जागेत आहे.

मृगाच्या पलीकडचं आकाश कसं लक्षात ठेवायचं?

ऋतूप्रमाणे एकेक ठळक खूण धरा. मार्च ते मे ईशान्येला आणि उत्तरेला सप्तर्षी. पतंगाच्या चौकोनातले पुढचे दोन तारे ध्रुवाकडे बोट दाखवतात. शेपटीचा बाक तसाच पुढे नेला की केशरी स्वाती, आणखी पुढे नेला की पांढरी चित्रा. शेपटीतला मधला तारा वसिष्ठ आणि त्याला खेटून अंधूक अरुंधती. लग्नात भटजी भरदुपारी मांडवाच्या छताकडे बोट दाखवून जिला नमस्कार करायला लावतात ती हीच. जोडप्यांनी लग्नानंतर एकदा रात्री तिला खरोखर पाहावं असं मला मनापासून वाटतं.

मे महिन्यात दक्षिण क्षितिज मोकळं असेल तर त्रिशंकू पाहा. पतंगाच्या आकाराचे चार तारे, मुंबईहून जेमतेम मूठभर उंचीवर, गोव्याहून थोडे वर. युरोपातल्या हौशी निरीक्षकांना ते घरून कधीच दिसत नाहीत, हे आपलं भाग्य. दक्षिणेचा दुसरा मानकरी अगस्त्य. व्याधाच्या खाली, दक्षिणेला, तेजात व्याधाच्या खालोखाल. पावसाळा सरता सरता तो पहाटे उगवू लागतो, आणि अगस्त्याच्या उदयाने नद्यांचं गढूळ पाणी निवळतं असं आपले पूर्वज सांगत.

पावसाचे चार महिने आपल्या हातून जातात, त्याला इलाज नाही. ऑक्टोबरात आभाळ धुऊन निघतं तेव्हा अभिजित, श्रवण आणि हंसाच्या शेपटीतला ठळक तारा यांचा मोठा त्रिकोण डोक्यावरून पश्चिमेला कललेला असतो. पाश्चात्त्य पुस्तकं त्याला उन्हाळ्याचा त्रिकोण म्हणतात, आपल्याकडे त्याला दसऱ्याचा म्हणायला हरकत नाही. नोव्हेंबरात महाश्वाचा चौकोन डोक्यावर येतो, पूर्वा आणि उत्तरा भाद्रपदा त्याच चौकोनाच्या दोन बाजू. मग पूर्वेला कृत्तिका येतात, रोहिणी येते, आणि पुन्हा मृग.

दुर्बीण कोणती घेऊ?

आधी द्विनेत्री, म्हणजे बायनॉक्युलर, घ्या. ७ × ५० किंवा १० × ५० : पहिला आकडा किती पट मोठं दिसेल तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. हिच्यातून कृत्तिका पाहिल्यावर लोकांच्या तोंडून जो आवाज निघतो तो मोठ्या दुर्बिणीपाशीही क्वचितच ऐकू येतो.

माझी पहिली दुर्बीण मी एका प्रदर्शनातल्या स्टॉलवरून घेतली होती. खोक्यावर '५२५ पट' लिहिलं होतं आणि शनीचा रंगीत फोटो होता. घरी आणून चंद्राकडे लावली तर तिकाटणं असं डगमगायचं की चंद्र भिंगात यायचा आणि निसटायचा. दोन महिन्यांचे साठवलेले पैसे गेले, आणि वाईट म्हणजे आकाशात पाहण्यासारखं काही नसतंच असं माझ्या धाकट्या भावाचं मत झालं. ते बदलायला बरीच वर्षं लागली. म्हणून सांगतो, 'किती पट' हे विचारूच नका. आरसा किंवा भिंग किती मोठं आणि स्टँड किती भक्कम, हे दोनच प्रश्न विचारा. व्यास इंचांत धरून त्याच्या पन्नासपटीपलीकडे मोठं केलं तर चित्र नुसतं पसरतं, नवीन काही दिसत नाही. सहा किंवा आठ इंची आरशाची डॉब्सोनियन दुर्बीण, म्हणजे साध्या, भक्कम बैठकीवर फिरणारी दुर्बीण, ही घरगुती वापरासाठी माझी पहिली पसंती.

डीप स्काय ऑब्जेक्ट म्हणजे नेमकं काय? आणि एम ४२, एम ३१ यांतला 'एम' कसला?

सूर्यमालेच्या पलीकडचं, आणि एकट्यादुकट्या ताऱ्यापेक्षा वेगळं जे काही दिसतं ते : तारकागुच्छ (ताऱ्यांचे पुंजके), अभ्रिका (वायू आणि धुळीचे ढग), दीर्घिका (आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे प्रचंड समूह). 'एम' म्हणजे शार्ल मेसिए, अठराव्या शतकातला फ्रेंच धूमकेतू-शोधक. धूमकेतू शोधताना हे अंधूक डाग त्याची वारंवार फसगत करत, म्हणून त्याने त्यांची यादी केली. आज त्या यादीत ११० वस्तू आहेत, आणि त्याच्या धूमकेतूंपेक्षा ही यादीच जास्त लोकांच्या तोंडी आहे.

साध्या डोळ्यांनी किंवा द्विनेत्रीतून आधी या पाहा : कृत्तिका, पुष्यातलं मधुचक्र, नोव्हेंबरात देवयानी दीर्घिका (एम ३१), जिचा प्रकाश पंचवीस लाख वर्षं प्रवास करून आला आहे, वृश्चिकाच्या नांगीजवळचा एम ७ हा गुच्छ. आणि एप्रिल-मेमध्ये दक्षिणेला नरतुरंग तारकासमूहातला ओमेगा सेंटॉरी हा गुच्छ. द्विनेत्रीतून तो कापसाच्या बोळ्यासारखा दिसतो. आठ इंची दुर्बिणीत त्या बोळ्याच्या कडा सुटतात आणि रवा सांडावा तसे कण कण दिसू लागतात. तिथे सुमारे एक कोटी तारे आहेत.

फोटोत एवढे रंग असतात, मग दुर्बिणीतून सगळं राखाडी का दिसतं?

अंधारात आपल्या डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी काम थांबवतात, फक्त उजेड ओळखणाऱ्या पेशी जाग्या राहतात. कॅमेरा मिनिटं मिनिटं प्रकाश साठवतो, डोळा साठवू शकत नाही. म्हणून पहिल्यांदा पाहणाऱ्याला मी आधीच सांगतो की फोटो विसरा.

एम ४२, म्हणजे मृगाची अभ्रिका, अशी पाहा. बाणाच्या खाली तीन अंधूक ताऱ्यांची लोंबती ओळ आहे, तिच्या मधल्या 'ताऱ्याकडे' दुर्बीण लावा. त्याआधी वीस-तीस मिनिटं अंधारात थांबा आणि मोबाइल खिशात ठेवा. टॉर्चवर लाल जिलेटीन कागद रबरबँडने बांधा. आता भिंगातून पाहताना थेट रोखून पाहू नका. नजर जरा बाजूला ठेवा आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून बघा. थंड आरशावर श्वास सोडल्यावर वाफ उमटते तशी एक पांढरट वाफ पसरत जाते, दोन्ही बाजूंना पंखासारखी. काहींना त्यात फिकट हिरवी झाक दिसते. मधोमध, अगदी जवळ जवळ, चार टाचण्या टोचल्यासारखे चार तारे. घाई करू नका. पहिल्या मिनिटात जेवढं दिसतं त्याच्या दुप्पट पाचव्या मिनिटात दिसतं.

तारा जन्मतो कसा?

तुम्ही आत्ता जे पाहिलंत तिथेच. ती वाफ म्हणजे हायड्रोजन वायू आणि धूळ, आपल्यापासून साधारण १,३०० प्रकाशवर्षांवर. अशा थंड ढगाचा एखादा भाग स्वतःच्या वजनाने आकसायला लागतो. आकसताना मध्यभाग तापतो. तापमान एक कोटी अंशांच्या आसपास गेलं की हायड्रोजनचे अणुगर्भ एकमेकांत मिसळून हीलियम बनू लागतात आणि ऊर्जा बाहेर पडते. ही ऊर्जा आतून बाहेर रेटते, गुरुत्वाकर्षण बाहेरून आत दाबतं. दोन्ही समसमान झाली की तारा स्थिर होतो.

एम ४२ मधले ते चार तारे नुकतेच जन्मलेले आहेत, ताऱ्यांच्या हिशेबात तान्हे. त्यांच्याच प्रखर प्रकाशाने भोवतालचा वायू उजळला आहे. कृत्तिका त्यांच्या थोरल्या भावंडांसारख्या. त्यांचं वय सुमारे दहा कोटी वर्षं, आजूबाजूचा जन्माचा ढग केव्हाच पांगला, पण बहिणी अजून एकत्र आहेत.

ताऱ्यांचे रंग वेगवेगळे का?

लोहाराच्या भट्टीतलं लोखंड आठवा. आधी लालभडक, मग पिवळं, मग पांढरं. काक्षीचा पृष्ठभाग साधारण ३,५०० केल्विन, म्हणून तांबूस. सूर्य ५,८००. राजन्य १२,००० च्या आसपास, म्हणून निळसर. नळाच्या तोट्यांवर लाल म्हणजे गरम आणि निळं म्हणजे गार असतं, ताऱ्यांत बरोबर उलट.

मोठ्या ताऱ्यात इंधन जास्त असतं. मग तो जास्त जगत नाही का?

उलट, लवकर मरतो. देवघरातल्या समईत पळीभर तेल असतं आणि वात रात्रभर जळते. गुऱ्हाळावरच्या चुलाणासमोर चिपाडांचा डोंगर असतो आणि तो दिवस मावळायच्या आत संपतो. इंधन किती यापेक्षा जाळण्याचा वेग किती, यावर आयुष्य ठरतं. सूर्याच्या दहापट वस्तुमानाचा तारा सूर्याच्या काही हजारपट वेगाने ऊर्जा उधळतो.

सूर्य सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजनचं हीलियम करतो, तरी त्याचं एकूण आयुष्य १,००० कोटी वर्षांचं आहे आणि त्यातली ४६० कोटी सरली आहेत. काक्षीचं वय एक कोटी वर्षांच्या आसपास, आणि ती आत्ताच म्हातारी आहे. पृथ्वीवर डायनोसॉर हिंडत होते तेव्हा कृत्तिका होत्या, काक्षी नव्हती.

सूर्याचं शेवटी काय होईल?

गाभ्यातला हायड्रोजन संपला की गाभा आकसेल आणि बाहेरचा भाग फुगेल. सूर्य तांबडा राक्षसी तारा होईल, बुध आणि शुक्र गिळून टाकेल. पृथ्वीवरचे समुद्र त्याच्या पुष्कळ आधीच आटलेले असतील. रोहिणी आणि स्वाती आज साधारण याच वाटेवर आहेत. मग बाहेरची आवरणं सावकाश अवकाशात निसटतील आणि मध्ये उरेल एक तापलेला लहान गोळा, श्वेत बटू.

निसटलेल्या आवरणाचं उदाहरण हवं असेल तर अभिजिताखालच्या स्वरमंडलातला एम ५७ पाहा. सहा-आठ इंची दुर्बिणीत धुराच्या वर्तुळासारखं इवलंसं कडं दिसतं. अशा वस्तूंना ग्रहीय अभ्रिका म्हणतात, पण ग्रहांशी त्यांचा काही संबंध नाही. जुन्या दुर्बिणींत त्या ग्रहाच्या तबकडीसारख्या दिसल्या म्हणून नाव पडलं आणि चिकटलं.

श्वेत बटू पाहता येतो का?

एकाच्या शेजारी तर तुम्ही रोज पाहता. व्याधाला एक जोडीदार आहे, व्याध-ब. १८६२ मध्ये अमेरिकेत नवी दुर्बीण तपासताना तो पहिल्यांदा दिसला. आकार जवळजवळ पृथ्वीएवढा, वस्तुमान सूर्याएवढं. चमचाभर द्रव्य काही टनांचं. व्याधाच्या झगमगाटात तो हौशी दुर्बिणीला क्वचितच सापडतो. पण व्याधाकडे पाहताना हे आठवा की या जोडीत एके काळी व्याध-ब हाच थोरला होता. वस्तुमान जास्त, म्हणून त्याचं आयुष्य आधी संपलं.

असा बटू किती जड असू शकतो, हा हिशेब सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी १९३० मध्ये भारतातून इंग्लंडला जाताना बोटीवर मांडला. तेव्हा ते वीस वर्षांचेही नव्हते. मर्यादा निघाली सूर्याच्या सुमारे १.४ पट. त्यापलीकडे श्वेत बटू स्वतःला सावरू शकत नाही. ज्येष्ठांनी ते मानायला फार वेळ घेतला. नोबेल मिळालं १९८३ मध्ये.

काक्षीचा स्फोट होणार म्हणतात. कधी? आपल्याला धोका आहे का?

होणार हे नक्की, धोका नाही, आणि तारीख कुणी सांगितली तर विश्वास ठेवू नका. येत्या एक लाख वर्षांच्या आत केव्हाही. सूर्याच्या जागी काक्षी ठेवली तर तिच्या पोटात मंगळाची कक्षाही सामावेल, एवढी ती फुगली आहे.

अशा जड ताऱ्याच्या गाभ्यात हीलियमपासून कार्बन, पुढे ऑक्सिजन, सिलिकॉन असं करत करत लोह तयार होतं. लोहापाशी गाडी अडते, कारण ते जोडून ऊर्जा मिळत नाही. आतून रेटणारं बळ संपतं आणि गाभा सेकंदाच्या आत कोसळतो. त्याच्या धक्क्याने बाहेरचा सगळा तारा उधळला जातो. हा अतिनवतारा. काक्षीचा झाला तर काही आठवडे अर्ध्या चंद्राइतका उजेड पडेल, भरदिवसाही ती दिसेल. पाचशेहून जास्त प्रकाशवर्षांच्या अंतरामुळे आपल्याला इजा नाही.

२०१९ च्या अखेरीस ती अचानक मंद व्हायला लागली, तेव्हा मी रोज रात्री गच्चीवर जात होतो. एरवी काक्षी रोहिणीपेक्षा उजळ असते. जानेवारीत ती रोहिणीपुढे स्पष्ट फिकी दिसत होती, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये तर मृगाच्या शेजारच्या पायाएवढीच उरली. ओळखीच्या घरातला एक दिवा अर्धवट झाकावा तसा सगळा मृग वेगळा वाटत होता. पुढे ती पुन्हा उजळली. ताऱ्याने बाहेर फेकलेलं द्रव्य थंड होऊन त्याची धूळ झाली आणि ती आपल्या बाजूला आडवी आली, असं निरीक्षणांतून दिसलं. हा बदल टिपायला दुर्बीण लागली नाही. शेजारच्या ताऱ्यांशी तुलना पुरेशी होती.

स्फोटानंतर काय उरतं?

मृगाच्या जवळच, वृषभाच्या शिंगाच्या टोकाशी, एम १ आहे, खेकडा अभ्रिका. जुलै १०५४ मध्ये चिनी निरीक्षकांनी तिथे 'पाहुणा तारा' नोंदवला. तो तेवीस दिवस दिवसाउजेडी दिसत होता आणि रात्री जवळजवळ दोन वर्षं. आज सहा इंची दुर्बिणीत तिथे फक्त एक फिकट डाग दिसतो. त्याच्या मध्ये न्यूट्रॉन तारा आहे, म्हणजे त्या ताऱ्याचा कोसळलेला गाभा, शहराएवढा लहान, सेकंदाला तीस वेळा स्वतःभोवती फिरणारा. त्याचा रेडिओ झोत दीपगृहासारखा आपल्यावरून जातो, म्हणून त्याला स्पंदक म्हणतात. असे स्पंदक ऐकण्याचं काम आपल्या नारायणगावजवळच्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीतून चालतं : प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या.

गाभा त्याहूनही जड असेल तर कृष्णविवर. ते दिसत नाही, भोवतालच्या ताऱ्यांवर आणि वायूवर होणाऱ्या परिणामावरून कळतं. मे महिन्यात मध्यरात्रीनंतर धनु राशीच्या दिशेने आकाशगंगा जिथे सर्वांत दाट दिसते, तिथे २६,००० प्रकाशवर्षांवर आपल्या दीर्घिकेचं केंद्र आहे, आणि त्यात चाळीस लाख सूर्यांच्या वस्तुमानाचं एक कृष्णविवर. दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले की सोन्यासारखी जड मूलद्रव्यं तयार होतात. १७ ऑगस्ट २०१७ रोजी अशा टकरीच्या गुरुत्वलहरी पकडल्या गेल्या. तसल्याच लहरी टिपणारी वेधशाळा, लायगो-इंडिया, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणार आहे. २०२३ मध्ये तिला केंद्र सरकारची मंजुरी मिळाली.

आपण पाहतो ते तारे खरं तर केव्हाच मेलेले असतात, हे खरं का?

नाही. ऐकायला छान वाटतं म्हणून हे वाक्य फिरत राहतं. साध्या डोळ्यांना दिसणारे बहुतेक तारे काहीशे, फार तर काही हजार प्रकाशवर्षांच्या आत आहेत, आणि ताऱ्याचं आयुष्य मोजायचं ते कोटी वर्षांत. व्याधाचा प्रकाश ८.६ वर्षांपूर्वी निघाला, अभिजिताचा २५, स्वातीचा ३७. काक्षीसुद्धा आत्ता, तुम्ही हे वाचताना, जवळजवळ नक्की जिवंत आहे.

पहिल्या रात्रीसाठी काय न्यावं, कधी जावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी, अमावास्येच्या आसपासचे दोन-चार दिवस. शहराच्या दिव्यांपासून निदान पन्नास-साठ किलोमीटर लांब. सतरंजी, कानटोपी, लाल कागद लावलेला टॉर्च, थर्मासमध्ये चहा. पहाटे दव पडतं, तेव्हा भिंग पुसायला मऊ सुती कापड आणि झाकण जवळ ठेवा. स्टेलॅरियमसारखं अ‍ॅप चालेल, पण आधी डोळ्यांनी शोधा आणि मग पडताळा.

मृग ऑक्टोबरच्या मध्याला रात्री अकराच्या सुमारास उगवतो, नोव्हेंबरच्या मध्याला नऊच्या आत-बाहेर, डिसेंबरच्या मध्याला संध्याकाळी सातपर्यंत. बाणाचे तीन तारे जवळजवळ बरोबर पूर्वेला वर येतात, त्यामुळे होकायंत्राची गरज नाही. सतरंजी पूर्वेकडे तोंड करून अंथरा. आधी कृत्तिका डोंगराच्या वर येतील, तासाभराने रोहिणी, मग बाण, आणि सगळ्यांत शेवटी झाडांच्या फांद्यांतून रंग बदलत लुकलुकणारा व्याध.